वेबसाइटवरची अक्षरं फिकी दिसतात, सेटिंग बदललं तरी पुन्हा तेच: काय तपासायचं आणि कुठे

पान उघडलं, बातमी किंवा फॉर्म समोर आहे, पण अक्षरं पांढऱ्यावर राखाडी, नाहीतर काळ्यावर गडद निळी. वाचताना डोळे बारीक करावे लागतात. मग आपण ब्राइटनेस वाढवतो, झूम करतो, कुणीतरी सांगितलेलं एखादं सेटिंग चालू करतो. एक-दोन दिवस बरं चालतं आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या.

हे दुखणं परत परत उपटतं, कारण त्याची मुळं चार वेगळ्या ठिकाणी असू शकतात: साइट, ब्राउझर, स्क्रीन आणि डोळा. एका ठिकाणचं औषध दुसऱ्या ठिकाणी लागू पडत नाही. साइटच्या दोषासाठी स्क्रीन बदलत बसलात तर चांगल्या साइट्स बिघडतील आणि ती वाईट साइट आहे तशीच राहील. म्हणून सेटिंगमध्ये शिरण्याआधी दोष कुठे आहे ते ठरवून घ्या.

आधी ब्राइटनेसचा नाद सोडा

मजकूर वाचता येतो तो अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजेडातल्या फरकामुळे, म्हणजे कॉन्ट्रास्टमुळे. ब्राइटनेसची पट्टी उजवीकडे सरकवली की पांढरा भाग उजळतो आणि राखाडी अक्षरही त्याच प्रमाणात उजळतं. दोघांमधलं गुणोत्तर होतं तेवढंच राहतं. डोळ्यांवर ताण मात्र वाढतो, कारण आता पांढरा भाग टोचायला लागतो.

एका परिस्थितीत ब्राइटनेसचा खरा उपयोग होतो. पाठीमागे खिडकी असेल किंवा तुम्ही उन्हात उभे असाल तर बाहेरचा उजेड काचेवरून परावर्तित होऊन अक्षरावर आणि पार्श्वभूमीवर सारखाच पसरतो आणि फरक पुसट करतो. तिथे ब्राइटनेस वाढवा. त्याहून बरं म्हणजे स्क्रीनची दिशा बदला. खिडकी बाजूला आली की अर्ध्या तक्रारी मिटतात.

दोष ओळखायचा कसा

पहिली चाचणी: त्याच यंत्रावर विकिपीडियाचा एखादा लेख उघडा. तिथे पांढऱ्यावर जवळपास काळी अक्षरं असतात. तो लेख स्वच्छ दिसतोय आणि तुमची साइटच फिकी दिसतेय, तर स्क्रीनला आणि डोळ्याला दोष देऊ नका. विकिपीडियाही मळकट दिसत असेल तर साइटला सोडा आणि खाली स्क्रीनचा भाग वाचा.

दुसरी चाचणी: तीच साइट त्याच यंत्रावर दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. क्रोममध्ये बिघडलेली आणि फायरफॉक्समध्ये ठीक, असं असेल तर ब्राउझरचं सेटिंग किंवा एखादं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, गडबड करतंय. इनकॉग्निटो खिडकीत एक्स्टेन्शन्स सहसा बंद असतात, त्यामुळे तिथे उघडून पाहिलं तरी अंदाज येतो.

तिसरी चाचणी सगळ्यात कामाची आहे आणि सगळ्यात कमी लोक करतात. बिघडलेल्या पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि दुसऱ्या, चांगल्या फोनवर पाठवून पाहा. व्हॉट्सॲपवरून पाठवत असाल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र आक्रसून वेगळाच गोंधळ होईल. स्क्रीनशॉट तिथेही फिका असेल तर दोष साइटचा किंवा ब्राउझरचा. तिथे तो खणखणीत दिसला तर दोष तुमच्या स्क्रीनचा, नाईट लाइटचा (रात्री पडदा पिवळसर करणारी सोय) किंवा कलर फिल्टरचा (सगळ्या पडद्याचे रंग बदलणारी सोय). नाईट लाइट आणि कलर फिल्टर चित्र तयार झाल्यावर, पडद्यावर जाताना लागतात, त्यामुळे ते स्क्रीनशॉटमध्ये येत नाहीत.

साइटचाच दोष असेल तर

बहुतेक वेळा इथेच येऊन थांबाल. फिकट राखाडी मजकूर ही डिझायनर मंडळींची जुनी आवड आहे. मोठ्या, महागड्या मॉनिटरवर तो 'सौम्य' दिसतो आणि आपल्या साध्या लॅपटॉपवर तो दिसतच नाही.

हे मोजायची पद्धत ठरलेली आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने डिसेंबर २००८ मध्ये वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्सची दुसरी आवृत्ती काढली. तिच्या एए पातळीनुसार साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट हवा. मोठ्या अक्षरांना, म्हणजे १८ पॉइंटच्या किंवा ठळक असतील तर १४ पॉइंटच्या पुढे, ३:१ चालतो. पांढऱ्यावर शुद्ध काळं म्हणजे २१:१, याहून जास्त शक्य नाही. पांढऱ्यावर शुद्ध लाल जेमतेम ४:१ भरतं, त्यामुळे 'महत्त्वाची सूचना' म्हणून बारीक लाल अक्षरात छापलेला मजकूरच नेमका वाचता येत नाही. पांढऱ्यावर शुद्ध पिवळा १.०७:१, म्हणजे जवळपास अदृश्य. रंगाच्या कोडात सहा वेळा सात (#777777) असलेला राखाडी पांढऱ्यावर ४.४८ वर अडकतो आणि केसभराने नापास होतो. सहा वेळा नऊ असलेला, जो साइट्सवर तारखा आणि फोटोओळींसाठी सर्रास दिसतो, तो २.८५ वरच थांबतो.

आपल्याकडचं खास उदाहरण म्हणजे भगवी पट्टी. मंडळांच्या, संस्थांच्या, स्थानिक बातम्यांच्या कितीतरी मराठी साइट्सवर वर भगवी पट्टी आणि तिच्यावर पांढरी अक्षरं असतात. वेबवर नेहमी वापरली जाणारी केशरी छटा घेतली तर हा कॉन्ट्रास्ट २.१:१ च्या आसपास येतो. त्याच पट्टीवर काळी अक्षरं ठेवली तर तो ९.८ च्या वर जातो. पट्टीचा रंग न बदलता, फक्त अक्षर बदलून.

देवनागरीत हा त्रास आणखी वाढतो. वेलांटीचं टोक, रफार, अनुस्वाराचा ठिपका, जोडाक्षरातला बारीक दांडा, हे सगळं रोमन अक्षरांपेक्षा छोट्या जागेत कोंबलेलं असतं. रंग फिका झाला की आधी हेच भाग गळतात आणि 'कि' की 'की' हे संदर्भावरून ओळखावं लागतं. त्यात साइटने फॉन्टची हलकी, ३०० वजनाची (वजन म्हणजे रेघेची जाडी) आवृत्ती मागितलेली असेल तर बघायलाच नको. विंडोजवर निर्मला यूआय या फॉन्टची सेमीलाइट आवृत्ती असते आणि अशा वेळी मजकूर तिच्यात दिसू शकतो. 'मुक्ता'सारखे वेबफॉन्ट तर २०० वजनापासून ८०० पर्यंत मिळतात आणि साइट बनवणाऱ्याला २०० आवडलं की आपली वाट लागते. म्हणजे काही वेळा रंग ठीकच असतो, रेघ बारीक असते. अशा पानाला झूम केलं की लगेच फरक पडतो. रंगाचाच दोष असेल तर झूम करून फारसं भागत नाही. हीसुद्धा एक चाचणीच.

तातडीचा उपाय हवा असेल, म्हणजे दोन ओळी वाचून पान बंद करायचं असेल, तर कंट्रोल आणि ए एकत्र दाबा. सगळा मजकूर निवडला जातो आणि निवडीमागच्या निळ्या रंगावर अक्षरं वेगळी उठून दिसतात. पांढऱ्यावर पांढरा मजकूरही यात सापडतो.

लांब लेख असेल तर रीडर मोड. फायरफॉक्समध्ये आणि एजमध्ये विंडोजवर एफ९ दाबा. सफारीत पत्त्याच्या पट्टीतल्या बटणात रीडर मिळतं, क्रोममध्ये मेन्यूतल्या आणखी साधनांमध्ये रीडिंग मोड. पानाचे रंग, जाहिराती, पट्ट्या सगळं बाजूला होऊन फक्त मजकूर उरतो आणि पार्श्वभूमी तुम्ही ठरवता. मर्यादा एवढीच की तो लेखांवर चालतो. वीजबिलाच्या पानावर, रेल्वेच्या तिकिटाच्या फॉर्मवर, निकालाच्या तक्त्यावर रीडर मोडचं बटण सहसा दिसतच नाही, आणि नेमकी तीच पानं वाचायची नड असते.

अशा पानांसाठी फायरफॉक्सकडे सगळ्यात जुना आणि सगळ्यात सरळ उपाय आहे. सेटिंग्जमध्ये जनरल विभागात नव्या आवृत्त्यांत 'कॉन्ट्रास्ट कंट्रोल' आहे, जुन्यांत तेच 'मॅनेज कलर्स' या बटणामागे होतं. तिथे कस्टम निवडून मजकूर काळा, पार्श्वभूमी पांढरी, लिंक गडद निळी असं ठरवून टाका. मग साइट काहीही म्हणो, रंग तुमचेच. किंमत अशी की रंगीत बटणं, नकाशांच्या खुणा, तक्त्यांचे रंगीत रकाने यांची ओळख जाते. म्हणून मी हे रोजच्या ब्राउझरमध्ये कायम चालू ठेवत नाही. फायरफॉक्स दुसरा ब्राउझर म्हणून ठेवायचा, त्यात हे सेटिंग करून टाकायचं आणि हट्टी पान आलं की ते तिथे उघडायचं.

फायरफॉक्समध्येच फॉन्टच्या 'ॲडव्हान्स्ड' खिडकीत वर लिपी निवडायची यादी असते. तिच्यात देवनागरी निवडा, अंगाने भरीव असा फॉन्ट द्या, किमान आकार १६ किंवा १८ करा, आणि पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू देणारी खूण काढा. मराठी वाचणाऱ्यासाठी हे सेटिंग सोन्यासारखं आहे, कारण इंग्रजी पानांचा आकार न बदलता मराठी म्हणून नोंदवलेल्या पानांवरची अक्षरं मोठी होतात. क्रोममध्ये किमान आकाराची पट्टी आहे, पण ती सगळ्या लिप्यांना एकच.

क्रोम सोडायचं नसेल तर डार्क रीडर हे एक्स्टेन्शन घ्या. नाव फसवं आहे. त्यात लाइट मोडही आहे, कॉन्ट्रास्टची पट्टी आहे आणि अक्षरांची रेघ जाड करणारी 'टेक्स्ट स्ट्रोक' नावाची सोय आहे. बारीक देवनागरीवर ती शून्यावरून थोडीशीच सरकवा. जास्त सरकवली तर 'ध' आणि 'घ' मधला फरक बुजतो.

संध्याकाळीच बिघडतं?

दिवसा साइट ठीक, सातच्या पुढे वाचता येत नाही, ही तक्रार ऐकली की नव्वद टक्के डार्क मोड असतो. (हा आकडा अंदाजपंचे, पण पैज लावायची तर मी यावरच लावेन.) आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींत सूर्यास्त ते सूर्योदय असं वेळापत्रक लावता येतं आणि ते कधी लावलं हे माणूस विसरून जातो. संध्याकाळ झाली की फोन साइटला सांगतो, आता गडद रंग दे. साइट बनवणाऱ्याने पार्श्वभूमीला डार्क मोड शिकवलेला असतो, पण परिच्छेदाचा रंग कुठेतरी गडद राखाडी म्हणून ठोकून ठेवलेला असतो. झालं, काळ्यावर काळं. बिचाऱ्याने साइट दिवसा तपासली.

उपाय ब्राउझरपुरता करा, फोनचा डार्क मोड बंद करायची गरज नाही. फायरफॉक्समध्ये 'वेबसाइट अपिअरन्स' लाइटवर ठेवा. संगणकावरच्या क्रोममध्ये अपिअरन्समधला मोड लाइट करा. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये सेटिंग्जमध्ये थीम उघडा आणि तिथे 'डार्कन वेबसाइट्स'समोर खूण असेल तर ती काढा. ही खूण असली की ब्राउझर स्वतःच्या बुद्धीने साइटचे रंग उलटवतो आणि त्याची बुद्धी लोगो, सही, क्यूआर कोड यांच्यापाशी संपते. काही अँड्रॉइड फोनमध्ये डार्क मोडच्या सेटिंगमध्ये ॲप्सची वेगळी यादीही असते, जिथे प्रत्येक ॲप जबरदस्तीने काळं केलं जातं. तिथेही ब्राउझरचं नाव शोधा.

संगणकावर क्रोमच्या फ्लॅग्जमध्ये, म्हणजे प्रायोगिक सेटिंग्जच्या पानावर, 'ऑटो डार्क मोड फॉर वेब कंटेंट्स' कधी चालू केलं असेल तर ते डीफॉल्टवर आणा. फ्लॅग्ज ही कायमची सोय नसते. अपडेटनंतर ते बदलतात किंवा नाहीसे होतात, आणि 'काल तर चालत होतं' अशी तक्रार येते. डार्क रीडर आणि ब्राउझरचा डार्क मोड दोन्ही एकदम चालू असतील तर एकाने काळं केलेलं दुसरा पुन्हा रंगवायला घेतो. दोघांपैकी एकच ठेवा.

फॉर्मच्या रकान्यात टाइप केलेलं दिसत नाही, ही याच घराण्यातली तक्रार. साइटने रकान्याचा रंग पांढरा ठरवला पण अक्षराचा रंग ठरवायचा राहिला, तो डार्क थीमकडून पांढरा आला. तात्पुरतं लाइट मोडमध्ये जा, फॉर्म भरा, परत या. पासवर्ड किंवा पत्ता ब्राउझरने आपोआप भरला तेवढाच रकाना वाचता येत नसेल तर तो ऑटोफिलचा फिकट निळा रंग आहे. भरलेला मजकूर खोडून हाताने टाइप केला की दिसतो.

लाइट गेली की बिघडतं

हे लॅपटॉपवाल्यांसाठी, आणि लोडशेडिंगच्या गावात तर रोजचंच. चार्जर निघाला की पडदा थोडा मंदावतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्याहून आतली गोष्ट अशी की बॅटरी वाचवण्यासाठी संगणक पडद्यावर काय आहे ते पाहून कॉन्ट्रास्टही हलवतो. पडद्यावर गडद भाग जास्त असला की मागचा दिवा मंद करतो आणि रंग ओढूनताणून उजळ करतो. काळ्या-पांढऱ्या मजकुराला याचा फारसा त्रास नाही, पण आधीच फिकट असलेला राखाडी त्यात हरवतो.

विंडोज ११ मध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ब्राइटनेसच्या बाणाखाली 'चेंज ब्राइटनेस बेस्ड ऑन कंटेंट' शोधा आणि 'ऑफ' करा. तिथे 'ऑन बॅटरी ओन्ली' असा पर्याय असतो, तोच हा चार्जर निघाल्यावरचा चोर. ही ओळ दिसत नसेल तर ग्राफिक्सच्या ॲपमध्ये पाहा. इंटेलवाल्यांनी पॉवर विभागात डिस्प्ले पॉवर सेव्हिंग, एएमडीवाल्यांनी व्हॅरी-ब्राइट बंद करावं.

सगळंच मळकट दिसत असेल तर

विकिपीडियाही फिका दिसला असेल तर इथे या. विंडोजवर एचडीआर (उजेड-अंधाराचा पल्ला वाढवणारी सोय) चालू असेल आणि मॉनिटर त्या लायकीचा नसेल तर अख्खा डेस्कटॉप धुऊन काढल्यासारखा दिसतो. विंडोज, ऑल्ट आणि बी दाबून बंद करून पाहा. पडदा अचानक काळा-पांढरा झाला असेल तर कलर फिल्टरचा शॉर्टकट चुकून दाबला गेलाय: विंडोज, कंट्रोल, सी. पुन्हा तेच दाबा. सगळ्या खिडक्यांचे रंगच भलते झाले असतील तर डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन हे एकदम दाबलं गेलंय, म्हणजे कॉन्ट्रास्ट थीम चालू झाली. तेच पुन्हा दाबून ती जाते. ज्यांची नजर खरोखर कमी आहे त्यांच्यासाठी मात्र ही थीम वरदान आहे. विंडोज ११ मध्ये ॲक्सेसिबिलिटीत चार तयार थीम आहेत आणि त्या लावल्या की ब्राउझरसुद्धा साइटचे रंग बाजूला ठेवतो.

टीव्हीला एचडीएमआयने संगणक जोडला असेल तर दोन गोष्टी. काळा रंग राखाडी दिसत असेल तर ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये आउटपुट डायनॅमिक रेंज 'लिमिटेड'वरून 'फुल' करा. आणि काळी अक्षरं नीट पण लाल-निळी अक्षरं फुटलेली दिसत असतील तर टीव्हीत त्या एचडीएमआय इनपुटला 'पीसी' असं नाव द्या. कितीतरी टीव्ही तेवढ्यावरून रंगांची काटछाट थांबवतात.

अक्षरांच्या कडा पुसट असतील तर स्टार्ट मेन्यूत क्लिअरटाइप, म्हणजे विंडोजची अक्षरं रेखीव करणारी सोय, शोधा आणि पाच पडद्यांतून जास्तीत जास्त स्पष्ट नमुना निवडत जा. मॉनिटर दोन असतील तर दोन्हींवर करा. स्वस्त लॅपटॉपचा पडदा वरून पाहिला की फिका आणि खालून पाहिला की काळवंडलेला दिसतो. त्याला सेटिंग नाही, बिजागरीच थोडी मागेपुढे करा.

फोनवर लोक 'हाय कॉन्ट्रास्ट टेक्स्ट' किंवा आयफोनचं 'इन्क्रीज कॉन्ट्रास्ट' चालू करतात आणि मग साइट तशीच का म्हणून वैतागतात. ही सेटिंग्ज मुख्यतः फोनच्या आणि ॲपच्या अक्षरांसाठी आहेत. साइटने दखल घेतली नाही तर तिच्या मजकुरावर त्यांचा भरवसा धरता येत नाही. फोनवर रीडर मोड किंवा अँड्रॉइडवरचा फायरफॉक्स बरा. त्यात डार्क रीडरही बसतं.

डोळ्याचा भाग

एकाच माणसाला सगळ्या यंत्रांवर, छापील कागदावरही, राखाडी अक्षर दिसेनासं झालं असेल तर सेटिंग शोधू नका, नेत्रतज्ज्ञाकडे जा. वयाबरोबर कॉन्ट्रास्ट ओळखण्याची ताकद कमी होते आणि मोतीबिंदूत ती चष्म्याचा नंबर फार न बदलताही घसरू शकते. घरातले ज्येष्ठ 'मोबाइल खराब झालाय' म्हणतात तेव्हा विकिपीडियाची चाचणी त्यांच्या आणि तुमच्या, दोघांच्याही डोळ्यांनी करून पाहा.

केलेलं सेटिंग टिकत का नाही

सरकारी साइट्सवर वर उजवीकडे अक्षर लहान-मोठं करायची आणि कॉन्ट्रास्ट बदलायची बटणं असतात. ती निवड बहुधा ब्राउझरच्या कुकीजमध्ये राहते, कुकीज पुसल्या की जाते. इनकॉग्निटोत तर दर वेळी नव्याने. झूमचं प्रमाण क्रोम प्रत्येक साइटसाठी वेगळं लक्षात ठेवतो, म्हणून एका साइटवर केलेलं दुसरीकडे दिसत नाही. सगळ्या साइट्सना हवं असेल तर अपिअरन्समधला पेज झूम बदला.

साइटला कळवा, पण नीट

'तुमची साइट दिसत नाही' असं लिहिलं तर उत्तर येणार नाही. पानाचा पत्ता, स्क्रीनशॉट, ब्राउझरचं नाव, लाइट की डार्क मोड, आणि जमलं तर मोजलेला कॉन्ट्रास्ट द्या. मोजणं अवघड नाही: क्रोममध्ये अक्षरावर उजवी क्लिक, इन्स्पेक्ट, मग उघडणाऱ्या भागात रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की गुणोत्तर लिहिलेलं दिसतं. '२.८५ आहे, ४.५ हवं' हे वाक्य साइट सांभाळणाऱ्याला लगेच समजतं.

सरकारी साइट असेल तर तुमची बाजू आणखी भक्कम आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची, आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा त्यामागे आहे. पत्रात या दोन्हींचा उल्लेख करा आणि पान कुणाला वाचता येत नाही ते एका ओळीत लिहा. पत्र 'फीडबॅक' आणि 'वेब इन्फर्मेशन मॅनेजर' अशा दोन्ही दुव्यांवर पाठवा. दुसरा दुवा बहुतेक सरकारी साइट्सच्या तळाशी बारीक अक्षरात असतो. उत्तर येईपर्यंत डार्क रीडर फक्त त्या साइटपुरता चालू ठेवा, बाकीच्या साइट्सना हात लागत नाही.